गोरोबाकाकांच्या अंगणातली तीन नावं

मुक्ता हे नाव महाराष्ट्रात कधी घरोघरी झालं नाही आणि कधी जुनंही झालं नाही. शाळेच्या हजेरीपटावर सुनीता, संगीता, मंगल यांची गर्दी असायची तेव्हा मुक्ता एखादीच असायची. पुढे अश्विनी आणि प्रियांका आल्या, आता स्वरा, आराध्या, अन्वी यांचे दिवस आहेत, आणि अजूनही एखादी मुक्ता कुठल्या ना कुठल्या वर्गात असतेच. खेड्यात ती मुक्ताबाई म्हणून भेटते, नऊवारी नेसलेली, कपाळावर गोंदण असलेली. शहरात ती नुसती मुक्ता असते, पाठीवर दप्तर घेतलेली. आजीला आणि नातीला सारखंच शोभेल अशी नावं आपल्याकडे फार नाहीत. गंगूबाई, सोनाबाई, काशीबाई या नावांना काळाची धूळ लागली. मुक्ताला ती लागली नाही.

असं का झालं असावं, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं होता. शब्द सुंदर आहे, हे एक कारण झालं. मुक्ता म्हणजे सुटलेली, मोकळी, आणि मुक्ता म्हणजे मोतीही. पण सुंदर अर्थाची शेकडो नावं पडद्याआड गेली आहेत. नाव टिकतं ते त्या नावाने कोणीतरी जगून दाखवलं म्हणून. मुक्ता हे नाव कसं जगलं गेलं, ते मला कळलं तेरमध्ये, कुंभार संत गोरोबाकाकांच्या गावात.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं तेरणेकाठचं गाव. आज बाजार, शाळा, एसटीचा थांबा असलेलं चारचौघांसारखं मोठं खेडं. पण गावाच्या आजूबाजूला पांढरीची टेकाडं आहेत आणि त्यांच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचं नगर झोपलेलं आहे. त्याचं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये हे नाव आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाते. तिथून ती समुद्रापार. तगरचं तेर झालं, कापडाच्या गाड्या थांबल्या, पण नावातला 'त' आणि 'र' लोकांच्या जिभेवर राहून गेले.

गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे हे इथलेच. शेतात, ओढ्यात, पांढरीत जे जे सापडेल ते त्यांनी आयुष्यभर गोळा केलं: मणी, नाणी, मातीची चित्रं, शंखाच्या बांगड्या. त्या संग्रहात हस्तिदंतात कोरलेली एक बाई आहे. वीतभरही नाही तिची उंची. अंगावर मात्र दागिन्यांची भरगच्च नक्षी, कमरेला मेखला, हातात कांकणांच्या ओळी. १९३८ साली इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली अशीच एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ज्वालामुखीने ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं, म्हणजे ती त्याच्या आधीच तिथे पोचली होती. दोघींतलं साम्य पाहून अभ्यासकांनी तेरचं नाव थेट रोमन जगाशी जोडलं.

काचेपलीकडच्या या तेरच्या बाईसमोर मी पुष्कळ वेळ उभी राहिले आहे. कारागिराने तिच्या एकेका कांकणावर मेहनत घेतली, पण तिला नाव दिलेलं आपल्यापर्यंत आलं नाही. कोणी तिला लक्ष्मी म्हणतं, कोणी यक्षी. गंमत अशी, की ती ज्या काळातली, त्या सातवाहन काळात आईचं नाव राजाच्या नावापुढे लागत असे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. ही मातृनामं गोत्रावरून आलेली, पण राजा स्वतःची ओळख आईवरून सांगत होता एवढं खरं. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात एक आई आपल्या गेलेल्या मुलाचा पराक्रम दगडावर कोरवून घेते आणि सोबत स्वतःचं नावही ठेवते. राणीला हे जमलं. तेरच्या मलमलीचं सूत ज्यांनी कातलं, त्या बायांपैकी एकीचंही नाव कुठे नाही.

म्हणून पुढे हजार-बाराशे वर्षांनी याच गावात, एका कुंभाराच्या घरात, तीन बायांची नावं एकाच कथेत आली आणि टिकली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. मुक्ता, संती आणि रामी. पहिली पाहुणी म्हणून आलेली, दुसऱ्या दोघी त्या घरच्या.

कथा मराठी मुलखात सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताबाई, नामदेव आणि इतर संत गोरोबांच्या घरी जमले होते. गोरोबा वयाने सगळ्यांत वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. मुक्ता सगळ्यांत लहान. तिची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली आणि तिने विचारलं, काका, हे काय आहे? काकांनी सांगितलं, याने आम्ही मडकं पक्कं आहे की कच्चं ते पाहतो. त्यावर ती म्हणाली, मग आम्हीही मातीचीच भांडी, आमच्यातलं कोण कच्चं आहे तेही बघा.

थापटणं ही लाकडाची साधी वस्तू. चाकावरून उतरलेलं ओलं मडकं थोडं सुकलं, की कुंभार आतून एका हाताने गोल दगड धरतो आणि बाहेरून दुसऱ्या हाताने थापटण्याने हलकेच ठोकत जातो. ठोक पडेल तशी माती पसरते, पोट फुगतं, भिंत पातळ होते. जोर जास्त झाला तर चिरते, कमी झाला तर जाड राहते. आतला हात बाहेरच्या हाताच्या नेमक्या समोर असावा लागतो, आणि तो दिसत तर नाही. कुंभार नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही. तो कान देऊन ऐकत असतो. माठ आव्यातून भाजून आला की बाजारात गिऱ्हाईकही तेच करतं. बोटाच्या पेराने टिचकी मारतं. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात प्रत्येक घरातल्या बाईला हा आवाज ओळखता येतो.

गोरोबांनी तसंच एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. सगळे गप्प राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला, ते चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. पंढरीच्या विठ्ठलाशी प्रत्यक्ष बोलणारा, सगळ्यांत लाडका भक्त, आणि तोच कच्चा ठरला. पुढे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, गुरू केला, आणि त्यांच्या भक्तीला वेगळीच खोली आली. तेच नामदेव नंतर पंजाबपर्यंत गेले; शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत.

ही कथा सांगताना कीर्तनकार गोरोबांच्या परीक्षेवर थांबतात, नामदेवांच्या अहंकारावर थांबतात. मी दर वेळी थांबते ती त्या मुलीच्या प्रश्नावर. तो प्रश्न आला नसता तर परीक्षाच झाली नसती. जमलेल्या थोरांपैकी कोणालाही हे विचारायचं सुचलं नाही, किंवा सुचलं तरी भीड पडली. लहान मुलगी मात्र परक्या घरातल्या वस्तूकडे बोट दाखवून विचारते, आणि लगेच तो प्रश्न स्वतःवर घेते: आम्हाला तपासा. त्या 'आम्हा'त ती स्वतःही होती. डोकं पुढे करायची तयारी ठेवून विचारलेला प्रश्न, हे तिचं वेगळेपण.

आणखी महत्त्वाचं म्हणजे तिला कोणी गप्प बस म्हटलं नाही. काकांनी हसून टाळलं नाही, थोरल्या भावांनी डोळे वटारले नाहीत. तेराव्या शतकातल्या त्या अंगणात एका मुलीचा प्रश्न गंभीरपणे घेतला गेला, त्याप्रमाणे कृती झाली आणि त्याचे परिणाम एका थोर संताने मान खाली घालून पत्करले. तेरने महाराष्ट्राला दिलेल्या गोष्टींत मी ही सर्वांत मोठी मानते.

मुक्ताबाईचं सगळं आयुष्य असं विचारण्याचं आणि सांगण्याचं. परंपरेने तिचा जन्म १२७९चा आणि शेवट १२९७चा मानला आहे. म्हणजे जेमतेम अठरा वर्षं. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या चार भावंडांत ती धाकटी. आई-बाप लहानपणीच गेलेले. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभं राहून त्यांना समजावणारी हीच. ते ताटीचे अभंग आजही म्हटले जातात. चौदाशे वर्षं जगल्याचं सांगितलं जातं त्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं, तर इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं म्हणणारीही हीच. पुढे चांगदेव तिचेच शिष्य झाले. तापीकाठी मेहूणजवळ वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं सांगतात. त्या भागातलं एदलाबाद आता मुक्ताईनगर झालं आहे. अठरा वर्षांच्या मुलीच्या नावावर तालुक्याचं गाव असावं, ही साधी गोष्ट नाही.

त्याहून मोठी गोष्ट तिच्या नावाला चिकटलेल्या 'आई'ची. ती कोणाची आई नव्हती. तरी वारकरी तिला मुक्ताई म्हणतात, आदिशक्ती म्हणतात. दर वर्षी आषाढीसाठी मुक्ताईनगरहून तिची पालखी निघते, पाचशे किलोमीटरहून अधिक चालते, आणि पाठीवर वळकट्या घेतलेले आजे-पणजे वयाने नातीएवढ्या मुलीला आई म्हणून हाक मारत पंढरपूर गाठतात. आपल्याकडे बाईला मान मिळतो तो मुलाची आई झाल्यावर, असं आपण म्हणतो आणि ते बव्हंशी खरंही आहे. मुक्ताईला तो मान नुसत्या ज्ञानावर मिळाला.

नावाला असा इतिहास असला की ते पुढच्यांना बळ देतं. १८५५ साली पुण्यात आणखी एका मुक्ताने प्रश्न विचारला. मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग मुलगी. 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तिचा निबंध दोन भागांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने त्यात लिहिलं, आणि विचारलं की वेद जर काहींच्याच मालकीचे असतील, तर आम्हाला धर्मच नाही असं समजायचं का? देवालाच तिने विचारलं, आमचा धर्म कोणता ते सांग. दलित स्त्रीने लिहिलेलं आज आपल्याला ठाऊक असलेलं हे फार जुनं लेखन. तिच्या आई-बापांनी हे नाव का ठेवलं असेल, याची नोंद नाही. पण त्या वस्तीतही अभंग पोचले होते, वारी पोचली होती. ज्ञानदेवांच्या बहिणीचं नाव गावकुसाबाहेरच्या घरात मुलीला लाभलं, आणि तिने ते सार्थ केलं. पहिल्या मुक्तेच्या प्रश्नाला उत्तर द्यायला गोरोबा समोर होते. दुसऱ्या मुक्तेच्या प्रश्नाचं उत्तर अजून पुरतं दिलं गेलेलं नाही.

नंतरही हे नाव अशाच ठिकाणी भेटत राहिलं. 'मिटलेली कवाडे' हे आत्मकथन लिहिणाऱ्या मुक्ता सर्वगोड. १९९४ साली डॉ. जब्बार पटेलांनी जातीच्या भिंतीवर डोकं आपटणाऱ्या मुलीवर चित्रपट काढला, तेव्हा तिचं नाव आणि चित्रपटाचं नाव 'मुक्ता'च ठेवलं. दुसरं कुठलं नाव तिथे बसलंच नसतं.

आता त्या घरच्या दोघींकडे येते. गोरोबांची थोरली बायको संती, धाकटी रामी.

पायाने चिखल तुडवताना गोरोबा विठ्ठलाच्या नामात इतके रंगले, की रांगत आलेलं त्यांचं मूल पायाखाली आलं आणि मातीत मिसळलं. संती पाण्याला गेली होती. परत आली तेव्हा चिखल लाल झालेला. तिने आकांत मांडला, नवऱ्याला बोल लावले, त्याच्या देवाला बोल लावले. गोरोबा रागाने अंगावर धावले तेव्हा तिने विठ्ठलाची आण घातली, मला शिवायचं नाही. गोरोबांनी ती आण कायमची पाळली. वंश खुंटेल म्हणून संतीने आपल्याच धाकट्या बहिणीला, रामीला, सवत करून आणलं. पाठवणीच्या वेळी सासऱ्याने सांगितलं, दोघींना सारखंच वागवा. गोरोबांनी ते शब्दशः घेतलं, आणि रामीलाही शिवले नाहीत. शेवटी पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात सगळं पुन्हा मिळालं, मूलही परत आलं, असा कथेचा गोड शेवट आहे.

या कथेकडे संतीच्या जागी उभं राहून पाहा. तिचं बोलणंही प्रश्नच होता. आईने विचारलेला, उरी फुटून विचारलेला प्रश्न: तुमची भक्ती माझ्या लेकराच्या जिवावर का? मुक्तेच्या प्रश्नाला अंगणात लगेच उत्तर मिळालं. संतीचा प्रश्न ऐकून घरधनी अंगावर धावला. आणि रामी? तिला तर कोणी काही विचारलंच नाही. बहिणीच्या घरी बहिणीचीच सवत म्हणून तिला पाठवलं, आणि तिथे तिच्या वाट्याला दुसऱ्याची आण आली. तिचं एक वाक्यही मला कीर्तनात ठळकपणे ऐकल्याचं आठवत नाही.

म्हणूनच असेल, पण मुलीचं नाव संती किंवा रामी ठेवलेलं मी पाहिलेलं नाही, अगदी तेरमध्येही नाही. चैत्र वद्यात गोरोबांच्या समाधीपाशी यात्रा भरते, टाळ-मृदंगाने तेरणेचा काठ भरून जातो. थापटण्याची कथा सांगितली जाते, पायाखाली आलेल्या मुलाचीही सांगितली जाते, पण दुसरी सांगताना ऐकणाऱ्या बाया पदराने डोळे पुसतात आणि ते नाव घरी नेत नाहीत. नाव ठेवणं म्हणजे नशीब मागणं, असं आपल्या बायका मानतात. मुक्तेचं नशीब मागावंसं वाटतं. संतीचं दुःख कोणी मागेल?

त्या दोघींचं नाव पुसलं गेलं नाही एवढंही थोडकं नव्हे, कारण आपल्याकडे बायांची नावं सहज पुसली जात. लग्नात तांदळाचं ताट समोर येतं, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि बोट फिरून तांदूळ सारखे होईपर्यंत जुनं नाव संपलेलं असतं. माझ्या आजीचं असंच झालं. सासरी तिला सगळे नव्या नावाने ओळखत. जुन्या नावाने हाक मारणारा एकच माणूस उरला होता, तिचा थोरला भाऊ. तो दारात येऊन हाक द्यायचा तेव्हा आजी चुलीपुढून अशी उठायची, की आम्हा पोरांना ती कोणी वेगळीच बाई वाटायची. चेहरा उजळलेला, चालीत एकदम हलकेपणा. भाऊ गेला आणि ते नाव घेणारं कोणी राहिलं नाही. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आणि त्याचं होतं.

आता बदल होतो आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मुली लग्नानंतर नाव बदलायला नकार देतात आणि घरं ते मान्य करतात. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुसा, नकोशी अशी नावं वागवणाऱ्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. आणि १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा नियम महाराष्ट्रात आला. म्हणजे ज्या तगरमध्ये आईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजांची नाणी फिरली, त्याच तेरमध्ये आता शेतमजुराच्या घरातल्या पोराच्या दाखल्यावरही आईचं नाव लागणार. राणीला मिळालेलं सगळ्यांना मिळायला दोन हजार वर्षं लागली.

तेरच्या एका बारशाला मी गेले होते. पाळण्याला फुलांच्या माळा, खाली घुगऱ्यांची परात, बायका पाळणा म्हणत होत्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं, आत्याने कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं, पाठीवर सगळ्यांनी लटके धपाटे घातले. नाव निघालं मुक्ता. बाळाची पणजी खुश होऊन म्हणाली, "काकांच्या घरची पाव्हणी आली बघा." सातशे वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या मुलीला ती अजून गावची पाहुणीच समजत होती.

तिला मी तिथे जे म्हणाले नाही ते इथे म्हणते. नाव ठेवलंत, फार चांगलं केलंत. पण या नावाला गोरोबांचं अंगण लागतं. उद्या ही मुलगी घरातल्या एखाद्या वस्तूकडे, एखाद्या चालीकडे, बापाच्या रागाकडे नाहीतर देवघराच्या उंबऱ्याकडे बोट दाखवून विचारेल, हे काय आहे, हे असं का आहे. त्या वेळी हातातलं काम बाजूला ठेवून तिला खरं उत्तर द्या, आणि स्वतःचं डोकंही तपासायला पुढे करा. गोरोबांनी मुक्तेला जे दिलं ते संतीला देता आलं नाही. या मुक्तेच्या घरात ते तिला मिळावं, तिच्या आईला मिळावं, आणि तिच्या आईचं नाव तिच्या नावाला जोडून मोठ्याने उच्चारलं जावं.